हसूदादाचा आकडा

हसूदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात बिल्ड लावून बसलो होतो. बिल्ड म्हणजे सगळ्यांनी लिहिलेला कोड गोळा करून त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं. त्याच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा सकाळी गेले." स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड', म्हणजे परवानगी नाही, अशी लाल ओळ उमटली होती. असं काही अडलं की मी अजूनही त्याच्या जुन्या खुर्चीकडे बघतो. तेव्हाही बघितलं.

हसुराम आमच्या पनवेलच्या छोट्या कंपनीचा सर्व्हर सांभाळायचा. मूळचा उलव्याकडचा, विमानतळात शेत गेल्यावर करंजाड्याला राहायला आलेला. माझ्या पिशवीत कायम पुस्तक असतं म्हणून मला 'मास्तर' म्हणायचा. सर्व्हरवरचं एक सामायिक फोल्डर सगळ्यांच्या मशीनला जोडलेलं होतं. दिसायला ते आपल्याच मशीनमधलं, पण असायचं त्याच्या खोलीतल्या डिस्कवर. माझ्याकडे नीट चालणारा बिल्ड तिथे अडला की मी चिडायचो. तो म्हणायचा, "मास्तर, सर्व्हरला नाव नाय समजत. परत्येकाला आकडा दिलेला हाय, तो तेवढाच बगतो. तुजा आकडा दोनी जागी येकच हाय का, ते पयला बग." आणि शांतपणे जुळवून द्यायचा. "सगळ्यांना सगळंच मोकळं करून टाक ना," असं मी एकदा म्हणालो, तर हसला. "दार उगडं टाकून आमी जेवायला बसत नाय."

एके दिवशी तो खरोखरच जेवायला बसला होता. दुपारी ग्राहकाला काम दाखवायचं होतं आणि बिल्ड त्याच लाल ओळीवर अडला. त्याचा डबा होईपर्यंत थांबायला काहीच हरकत नव्हती. मी मात्र माझ्या मशीनवर माझा आकडा बदलून त्याचा घातला. सर्व्हरने मला हसूदादा समजून सगळं उघडून दिलं. बिल्ड सुरू होताना आधीचं साफ करतो, आणि काय साफ करायचं ते मी घाईत चुकीचं लिहिलं होतं. एरवी सर्व्हरने अडवलं असतं. आता अडवणारं कोणी नव्हतं. सगळ्यांचं फोल्डर पुसलं गेलं. मी गुपचूप माझा आकडा पूर्ववत केला.

राखीव प्रतीतून त्याने बरंचसं परत आणलं, पण दुपार गेली, आणि ग्राहकही. सर्व्हरच्या नोंदीत आकडा त्याचा होता. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हसूभाऊ, हे काय करून ठेवलंत?"

"आकडा माजा हाय, सायेब. हात माजा नाय."

"मग कोणाचा?"

काम कोणत्या मशीनवरून झालं, त्याचा पत्ताही नोंदीत असतो. साहेबांना ते माहीत नव्हतं, आम्हा दोघांना होतं. हसूदादाने माझ्याकडे बघितलं. मी वहीत काहीतरी लिहीत राहिलो.

"नाय माहीत," तो म्हणाला.

सर्व्हर त्याच्याकडून काढून घेतला. त्याच्या वाट्याला प्रिंटर आणि वायरी आल्या. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, "हसूभाऊ, जाता जाता सर्व्हरला हात लावू नका हं!" सगळे हसले. मीही हसलो, हे लिहायला मला इतके आठवडे लागले. तो आजारी असताना करंजाड्याला गेलो, तो हात माझा होता हे साहेबांना सांगणार, असं त्याला सांगायचंच ठरवून. उशीला टेकून बसत त्याने विचारलं, "काय मास्तर, बिल्ड चालतोय ना?" मी म्हणालो, "चालतोय." "मंग बरं हाय." चहा पिऊन निघालो. तो दारापर्यंत आला होता.

मागच्या आठवड्यात त्याचं खातं काढून टाकलं. साहेबांनी सांगितलं, "त्याच्या फायली तुझ्या नावावर करून घे." त्या दुर्घटनेचा जुना अहवाल मी उघडला. त्यात दोष त्याच्या नावावर होता. तिथे माझं नाव घातलं आणि अहवाल सगळ्यांना पाठवला. त्याच्या मुलीलाही. साहेबांचं उत्तर आलं, "आता याचा काय उपयोग?" तिचं अजून आलेलं नाही.

खातं गेल्यामुळे त्या फायलींसमोर आता नाव दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. बिल्ड तिथे येऊन अडतो. मालक बदलायची आज्ञा मी लिहितो, वाचतो आणि पुसून टाकतो. त्याच्या आकड्याला हात लावायची मुभा मी एकदा न विचारता घेतली आहे.