दारापाशीची जागा

“बगा की, मास्तरांची इस्तर तिच्या मागनं प्याली. तोंडसुदिक वाकडं केलं न्हाय. लई मायेची पोर हाय!”

चर्चच्या पायरीवर चपला घालताना मागे दोन बायका माझ्याबद्दल बोलत होत्या. मी ऐकलं, आणि वळून काही बोलले नाही. त्यानंतर सहा वर्षं बोलले नाही. वडिलांना सांगितलं नाही, प्रार्थनेतही सरळ शब्दांत नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही.

आधी सरूमावशीबद्दल सांगते. ती सख्खी मावशी नव्हे, शेजारच्या खोलीतली. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची. वडील शाळेत शिकवायला गेले की मी तिच्या कडेवर. दुधात कुस्करलेली भाकरी ती आधी स्वतःच्या जिभेला लावून बघायची — फार ऊन तर नाही ना — आणि मग मला भरवायची. मी सात वर्षांची असताना तिच्या बोटांना चटका कळेनासा झाला. तव्याला हात टेकला तरी कळेना. महारोग. तिला दूरच्या दवाखान्यात नेलं, मला बोर्डिंगच्या इंग्रजी शाळेत.

नऊ वर्षांनी ती परत आली. मी सुट्टीला घरी आले होते. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं आखूड झाली होती, आणि उजव्या हातात डॉक्टरांचा कागद होता. इंग्रजीतला. मंडळीपुढे तो कुणी वाचावा? चर्चच्या पाळकसाहेबांनी मला उभं केलं. मी तो वाचला, मराठीत समजावला — रोग थांबला आहे, हिच्यापासून कुणाला भय नाही. बायकांनी माना डोलावल्या. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी सतरंजीवर तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून बसल्या.

मी तिच्या शेजारी बसले. तेवढं मात्र खरं — मला बसावंसं वाटलं. “केवडी झालीस गं,” ती हळूच म्हणाली, आणि माझी वेणी चाचपून पाहिली.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा प्याला एकच असतो. ओळीतून हातोहात येतो; प्रत्येकीने एक घोट घ्यायचा आणि शेजारणीला द्यायचा. मावशी प्याली. पदराने कड पुसली — दोनदा पुसली — आणि माझ्या हाती दिला. मी उचलला. डोळे मिटले. आणि — ओठही मिटले. रस ओठांपाशी आला नि परत गेला. मी गिळल्यासारखं केलं. घसासुद्धा हलवला! असलं कोण शिकवतं माणसाला?

डोळे उघडले तेव्हा मावशी माझ्याकडे बघत होती. मग ती समोर बघू लागली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात कौतुकाने माझं नाव घेतलं. हळूहळू बायका तिला लग्नाकार्याला बोलावू लागल्या. कुणी कुरकुरलं तर दुसरी म्हणे, “इस्तरला झालं का काय? न्हाय की!” म्हणजे माझं खोटं तिच्या उपयोगी पडत होतं. मी तिच्यासाठीच गप्प आहे, अशी मी मनाची समजूत घातली. पण तसं होतं का? मला चांगली म्हणवून घ्यायला आवडत होतं, एवढंच.

मावशी मात्र पुढच्या महिन्यापासून ओळीच्या शेवटी, दारापाशी बसू लागली. “गुडगं धरत्यात बाय. हितं पाय लांबिवता येत्यात.” गुडघे? ती भरली घागर घेऊन दोन जिने चढते! पण शेवटी बसलं की तिच्यामागून कुणाला प्यावं लागत नाही. सहा वर्षं ती सगळ्यांच्या शेवटी प्याली. आणि माझ्याशी एक शब्दही वाकडा बोलली नाही — सुट्टीला आले की शेंगांची चटणी, जाताना डबा भरून पुन्हा चटणी.

आता मी शिक्षण संपवून घरी परतले आहे, चर्चच्या संडे स्कूलला शिकवते. परवा मुलांना सांगत होते, प्रभूने महारोग्याला हात लावून बरं केलं. एक चिमुरडी म्हणाली, “टीचर, तुमी पन सरूआजीचं उष्टं प्यालात ना? आई सांगती.”

मी म्हणाले — “हो.”

इतकी वर्षं मी नुसती गप्प होते. आता तोंडाने बोलले. आणि तेही एका लेकराशी.

तशीच दुपारच्या उन्हातून मावशीकडे गेले. ती शेंगा फोडत बसली होती. “ये की! वाळलीस किती गं? त्या बोर्डिंगात कोंडा घालत हुते का काय?” म्हणाली आणि मूठभर दाणे माझ्या ओंजळीत ओतले. मी दाणे धरून उभीच. मनात वाक्यं इंग्रजीत जुळत होती — नीटनेटकी, दुसऱ्याच कुणाची वाटतील अशी. ती तिला कळली नसती. म्हणून तर इंग्रजीत जुळत होती ना?

“बस की खाली,” ती म्हणाली.

मी बसले.

“मावशी, त्या दिवशी मी प्यालेच नव्हते. मला तुझी किळस आली होती.”