खडकावरचा शेंदूर

दुसऱ्याच्या देवाच्या दारात जाऊन शेंदूर फासायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? पालमच्या कुसुमबाईनं हा सवाल भर उन्हात केला, आणि त्यापायी तिचं महाड हुकायची पाळी आली.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. कुसुमबाई बौद्ध, रोजानं निंदायला जाणारी. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायचं, एवढ्यासाठी ती दत्तराव पाटलाच्या कोकणयात्रेच्या गाडीत बसली. जागा शेवटच्या बाकावर. हंड्याला हात लावायचा नाही, तिच्या वेगळ्या तांब्यात वरून ओततील ते प्यायचं. वाटभर तिला त्या माणसांची शिसारी येत होती. तळ्यासाठी तिनं ती गिळली.

अलिबागजवळच्या खंडाळ्याला गाडी थांबली. तिथं यहुदी लोकांचा पवित्र खडक. त्यांचा पैगंबर एलियाहू इथून रथानं आभाळात गेला, चाकांच्या खुणा उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्यातलीच मिलकाबाई नावाची म्हातारी सांगत होती, "आमच्यात मूर्ती नसते हो. नुसते हात जोडा."

तिचं बोलणं संपायच्या आत दत्तरावानं नारळ फोडला. बायांनी तेलात कालवलेला शेंदूर खुणांत थापला. बघता बघता लाल चिखल, त्यात करवंटीचे तुकडे, वर माशा. मिलकाबाई तोंडाला पदर लावून उभी. पाहुण्यांना बोलणार कशी?

छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले शेंदरी दगड सासूनं टोपलीत भरून कुसुमबाईच्याच डोक्यावर दिले होते, गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडायला. तो तेलकट वास ती विसरली नव्हती.

"दत्तराव, ह्यो काय तुमच्या बांधावरचा म्हसोबा हाय व्हय?"

"गप बस, कुसे. देव समदे एकच असतेत."

"एकच हायेत, तर मंग माजा तांब्या येगळा कशाला?"

आणि ती मिलकाबाईकडं वळली.

"आजी, राख आना. नुसत्या पान्यानं न्हाई निघत हे." राख घेऊन ती खडकापाशी बसली आणि घासायला लागली.

"बाटवला, देव बाटवला हिनं!" दत्तराव किंचाळला. "चला रे! गाडी आता महाडला जायची न्हाई."

"जावा की. मला एसटी हाय."

गाडी धुरळा उडवत गेली. खडक साफ झाल्यावर मिलकाबाईनं गोड पोह्यांचं ताट समोर ठेवलं आणि त्याच ताटात स्वतःचाही हात घातला. कुसुमबाई जेवली, पण घासागणिक बोटांना तोच वास.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर पोचली तरी नखांत लाल होतंच. काठाबाहेर बसून तिनं ते खरवडून काढलं, मगच ओंजळ भरली.

तुम्ही कुठं दर्शनाला निघालात तर एवढं करा: पिशवीतली शेंदराची पुडी सोडण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर ती तशीच घरी घेऊन जा.