दादूस आणि कळंबोलीचं गेट

दादूस प्रोग्रॅम मोठ्याने वाचायचा. कोणीही नवीन कोड लिहून दिला की खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि स्क्रीनवरच्या इंग्रजी ओळी स्वतःच्या गावच्या बोलीत म्हणायला लागायचा. "गाडी आली. नंबर हाय का? हाय. मग आत घे. नंबर नाय? मग भाईर उभी कर. आता मना सांग, ही भाईर उभी केलेली गाडी परत आत कवा येनार? तू तर तिला इसरूनच गेलास!" आणि खरोखरच त्या गाडीसाठी पुढे एक ओळही लिहिलेली नसायची. सगळं ऑफिस हसायचं. ज्याची चूक तोही हसायचा आणि मुकाट्याने दुरुस्त करायला बसायचा.

आमची कंपनी लहान होती. पनवेलमध्ये एका फर्निचरच्या दुकानावर दोन खोल्या आणि आम्ही आठ-दहा डेव्हलपर. दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. कॉलेजमधल्या माझ्या मैत्रिणी पुण्याच्या, बंगलोरच्या काचेच्या इमारतींत लागल्या होत्या आणि मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या व्यापाऱ्यांसाठी, ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. मला त्याची थोडी लाज वाटायची. दादूस आमचा टीम लीड. शिरढोणच्या पलीकडच्या एका आगरी गावातला आणि त्या गावातला पहिला इंजिनिअर. क्लायंटपुढे शुद्ध मराठी आणि बरं इंग्रजी बोलायचा, पण आमच्यात आला की गावचाच. सगळे त्याला दादूस, म्हणजे दादा, म्हणायचे, तो मला 'बाय' म्हणायचा. घरी मला या नावाने कोणी हाक मारत नसे, पण ते ऐकायला बरं वाटायचं.

त्याचा डबा त्याच्या वहिनी करायच्या. आई लवकर गेलेली. थोरला भाऊ काशिनाथ आणि वहिनी यांनीच त्याला वाढवलेलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आली की डबा टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि "वहिनीनं तुमच्यासाठी जास्त टाकलीय" असं सांगून स्वतः उरलंसुरलं खायचा. मी तोवर घरी कधी सुकट खाल्ली नव्हती. ती खायला मी त्या टेबलावर शिकले.

त्याची दुसरी सवय म्हणजे आम्हाला जागेवर नेणं. "एसीत बसून गेट दिसत नाय," म्हणायचा आणि बाइकवर मागे बसवून कळंबोलीला घेऊन जायचा. तिथे एका मोठ्या ट्रान्सपोर्ट यार्डाचं काम आमच्याकडे आलं, तेव्हाही आम्ही असेच गेलो. गेटवरच्या केबिनमध्ये तीन कारकून बसायचे. गाडीचा नंबर, माल, वजन, सगळं हाताने लिहायचे. त्यातले एक काशीदादा, म्हणजे दादूसचेच भाऊ. केबिनमधून हात हलवत बाहेर आले आणि मला म्हणाले, "म्याडम, याला आमी लहानपनी आकडे शिकवले. आता तो आमाला शिकवनार!" त्यांना इतका आनंद झाला होता की चहावाल्याला हाक मारताना चहाऐवजी त्यांच्या तोंडून भावाचंच नाव निघालं.

गेटचा भाग मी लिहिला. वजनकाट्यावरून आकडा थेट कॉम्प्युटरवर यायचा, नंबर एकदाच टाकायचा, पावती आपोआप निघायची. दादूसने तो भाग वाचला आणि अधेमध्ये कुठेच थांबला नाही. "बाय, हे भारी झालाय," म्हणाला. मी दिवसभर हवेत होते. त्या केबिनमध्ये आता तीन माणसं लागणार नाहीत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याच्या आलं असावं. कारण दुसऱ्याच दिवसापासून संध्याकाळी तो यार्डावर जाऊन तिन्ही कारकुनांना कीबोर्ड शिकवायला लागला. त्यातला एक पोरगेला होता, तो पटकन शिकला. मोरे नावाचे दुसरे गृहस्थ अडखळत शिकले. काशीदादांना धाकट्या भावाकडून शिकायचं म्हणजे गंमत वाटायची. ते एक बोट उचलायचे, हसायचे आणि गावच्या गोष्टी काढायचे. दादूस चिडायचा. "दादा, जरा लक्ष दे रे," म्हणायचा. एवढ्या कळवळ्याने तो का बोलतोय, ते दादांना कळत नव्हतं.

सिस्टीम सुरू झाल्यावर यार्डाच्या शेटनी आम्हाला वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात बोलावलं. मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसले होते. शेट खूश होते. म्हणाले, "आता गेटवर दोन माणसं बस झाली. तो पोरगा राहील. मोरे आणि तुमचा भाऊ, यातला एक कमी करायचा. तुम्ही एवढं काम केलंत, तुमच्या भावाला ठेवतो. मोरेला सांगतो उद्या."

दादूसने विचारलं, "शेट, माझा भाऊ नसता तर कोणाला ठेवलं असतं?"

"काम बघितलं तर मोरे बरा आहे. पण ते जाऊ द्या ना."

"मग मोरेंनाच ठेवा."

शेट म्हणाले, "विचार करा. भाऊ आहे तुमचा."

"म्हणूनच सांगतोय," दादूस म्हणाला.

खाली आलो तेव्हा काशीदादा केबिनमध्ये एका बोटाने कुठल्यातरी गाडीचा नंबर टाकत होते. आम्हाला बघून ओरडले, "बघ, जमला मना!" दादूसने मान हलवली आणि बाइकला किक मारली. खांदेश्वरच्या सिग्नलला थांबल्यावर मागे न बघता म्हणाला, "बाय, वर झाला ते वरच ऱ्हाऊ दे. दादाला कळता कामा नये." मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

काशीदादांना त्या महिन्याअखेर घरी बसवलं. नंतर ते करंजाड्याच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. दादूसला ते काहीच बोलले नाहीत. उलट म्हणाले होते म्हणे, "तुझा मशीन चांगला चालतोय रे." डबा पूर्वीसारखाच येत होता. तीच भाकरी, तीच चटणी. दादूस तो टेबलावर उघडून ठेवायचा आणि "तुमी खा" म्हणून खाली वडापाव खायला जायचा. वहिनींकडे डबा रिकामाच परत गेला पाहिजे, म्हणून आम्ही वाटून खायचो. पुढे त्याने पनवेल स्टेशनजवळ फ्लॅट भाड्याने घेतला आणि वहिनींचा डबा बंद झाला. बायकोला गावाकडून नोकरीला जायला लांब पडतं, असं कारण त्याने सांगितलं.

त्यानंतर तो कोड मोठ्याने वाचेनासा झाला. नुसता डोळ्यांनी वाचायचा आणि कागदावर चुका लिहून द्यायचा. आमचं गेटचं सॉफ्टवेअर मात्र बाजारात नावाजलं. एका यार्डावरून दुसऱ्या यार्डावर गेलं. दादूसने ते काम माझ्याकडे सोपवलं, म्हणाला, "हे तू बघ, मना नको." त्याच जोरावर मी लीड झाले. प्रत्येक नव्या मालकाला दाखवताना माझ्या सादरीकरणात एक वाक्य असायचं, 'तिघांचं काम दोघांत'. ते वाक्य आलं की मी पटकन पुढच्या पानावर जायची. पण काढून टाकलं नाही कधी. त्याच वाक्यावर मालक मान डोलवायचे.

दादूस पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत गेला. अधूनमधून फोन व्हायचा. एकदा धीर करून मी म्हटलं, "काशीदादांना सांगून टाका ना एकदा."

"काय सांगू? तुला काढा असं मीच बोललो?" तो म्हणाला. मग विचारलं, "मी चुकलो का गं, बाय?"

"नाही," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं. पण तुम्ही गावी जात का नाही, वहिनींना भेटत का नाही, हे विचारायला हवं होतं. ते विचारलं नाही. मला मीटिंग होती.

चाळिशी नुकतीच ओलांडली होती त्याने. पुण्यात ऑफिसमध्येच छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्याला गावी आणलं. मला दोन दिवस उशिरा कळलं.

मी गेले तेव्हा काशीदादा ओट्यावर एकटे बसले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. "या म्याडम," म्हणाले. इकडचं तिकडचं झाल्यावर ते खाली बघत म्हणाले, "एक इचारू? खरा सांगा. परवा मयताला आलेला एक जन बोलला. शेट मना ठेवायला तयार होता ना?"

ज्याला शब्द दिला होता तो आता नव्हता. मी म्हटलं, "हो. तयार होते."

"आनि यानं नको सांगितला."

"हो. मोरे जायला नकोत म्हणून."

त्यांनी मान हलवली. रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मोऱ्याच्या पोरी लहान होत्या तवा. आमाला गावात घर हाय, थोडी शेती हाय. मना इचारला असता तर मीच बोललो असतो, मोऱ्याला ठेव म्हनून." मग म्हणाले, "मी समजत होतो, शिकला, मोठा झाला, आता वॉचमन भावाची त्याला लाज वाटते. म्हनून येत नाय."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीच विचारलं, "तुमाला कवापासून म्हायत होता?"

"मी तिथेच होते," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

काशीदादांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. वहिनी आत गेल्या, थोड्या वेळाने चहाचा कप घेऊन आल्या आणि माझ्या हातात देऊन तिथेच पायरीवर बसल्या. तो चहा मी त्यांच्यासमोर शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.