सात फुटी रॉड आणि पुढची सीट

"मग मी कुठे बसू?"

नळीसर हे तिसऱ्यांदा विचारत होते. हातात पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, पायात बाहेरचे बूट. माणूस निघायच्या पूर्ण तयारीत आणि बसायला जागा नाही. दारात उभ्या असलेल्या दुधी रंगाच्या छोट्या गाडीत आठ लाकडी रॉड झोपले होते, प्रत्येकी सात फुटांचे, मागच्या काचेपासून थेट पुढच्या डॅशबोर्डापर्यंत. मागची सीट दुमडलेली होती आणि ड्रायव्हरशेजारची सीट पाठ टेकून पार आडवी झालेली.

"मागे बसा," पडदेताई म्हणाल्या.

"मागे सीट कुठाय? तूच दुमडलीस ना."

"मी नाही दुमडली. रॉडांनी दुमडायला लावली."

"म्हणजे पाच माणसांची गाडी घेतली आणि त्यात माणूस बसणार एक."

"आणि आठ रॉड," व्हरांड्यातल्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या. वय वर्षं ऐंशी, कान शाबूत, आणि घरातल्या भांडणाची पहिली रांग त्यांचीच.

"आई, तू मधे बोलू नकोस."

"मी कुठे मधे? मी आपली कडेला बसलेय."

पडदेताईंनी त्या दोघांकडे पाठ फिरवली आणि डॅशबोर्डावर टेकलेल्या रॉडांच्या टोकांना जुना टॉवेल नीट गुंडाळला. चूक त्यांचीच होती. ती इतकी सरळ होती की कबूल करायलाही लाज वाटावी.

एकोणीस वर्षं त्या पडदे शिवत होत्या. नुसते शिवत नव्हत्या, घरी जाऊन माप घ्यायच्या, कापडाचे नमुने दाखवायच्या, रॉड ठोकायच्या, पडदा लावून चुण्या हातानं सारख्या करायच्या आणि मगच खाली उतरायच्या. गल्लीत त्यांना पडदेताई म्हणत आणि आता तर पोस्टमनही तेच म्हणायचा. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक. काटकुळा, उंच, सदान्‌कदा हातात परीक्षानळी, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव नळीसर. गेल्या वर्षी निवृत्त झाले तरी ते नाव काही निवृत्त झालं नाही.

इतकी वर्षं सगळा व्यवसाय नळीसरांच्या स्कूटरवर चालला. पुढे नळीसर, मागे पडदेताई, मांडीवर कापडाचा गठ्ठा आणि हातात उभा धरलेला रॉड. सिग्नलला थांबले की लोक मिरवणूक बघावी तसे बघत. गावात हे जमायचं, गावाबाहेर जमत नसे. बाहेरगावचं काम आलं की पडदेताई म्हणायच्या, "कळवते," आणि समोरच्याला कळायचं की या काही कळवत नाहीत. अशी किती कामं बाजारातल्या, स्वतःची व्हॅन असलेल्या पडद्यांच्या दुकानाकडे गेली, हे त्यांनी कधी मोजलं नाही. जे मोजून दुःखच होणार ते मोजू नये, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. पण गाडी घ्यायची ठरवली ती याच एका कारणासाठी. गाडी चालवायचा परवाना त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता. तो कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून होता.

गाडी होती एका निवृत्त ग्रंथपालबाईंची. नऊ वर्षं जुनी, एकाच हातातली, मागच्या दारावर पोचा. बघायला सगळे गेले. नळीसरांनी सत्तावीस प्रश्न कागदावर उतरवून आणले होते आणि प्रत्येकापुढे उत्तराला जागा सोडली होती. सोबत नेलेल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून इंजिनाला कान लावला आणि डोळे मिटले.

"काय म्हणतंय?" नळीसरांनी विचारलं.

"काही म्हणत नाहीये. म्हणून तर बरं आहे," गॅरेजवाला म्हणाला.

"पण नऊ वर्षं म्हणजे गाडीचं म्हातारपण."

"मग मला काय भंगारात काढणार आहेस?" सासूबाई म्हणाल्या. त्या कुणी न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या आणि उतरायला तयार नव्हत्या.

पडदेताईंनी ना टायर पाहिले ना इंजिन. सासूबाईंना गोडीनं उतरवून त्यांनी गळ्यातली टेप काढली, मागची सीट पाडली, पुढची आडवी केली आणि माप घेतलं. सात फूट चार इंच. पुन्हा घेतलं, तिरकं घेतलं, रुंदी घेतली. सात फुटी रॉड बसतो आणि वर चार इंच उरतात. "हीच घ्यायची," त्या म्हणाल्या. नळीसरांचे अकरा प्रश्न विचारायचे राहिले ते राहिलेच.

माप अचूक होतं. फक्त ते त्यांनी खिडकीचं घ्यावं तसं घेतलं होतं. खिडकीत कोणी बसत नाही. पुढच्या सीटवर नवरा बसणार आहे, ही गोष्ट टेपवर कुठे दिसत नव्हती.

आणि नवरा तर बसतच होता. गाडी आल्यापासून तीन आठवडे रोज सकाळी पडदेताई गाडी चालवत आणि शेजारी नळीसर बसून त्यांना चालवत. "दुसरा टाक. दुसरा. अगं, दुसरा. डावीकडे सायकल आहे. आता आरसा बघ. आरशात स्वतःला नको बघूस." खड्डा आला की ते आपल्या बाजूला पाय जमिनीत रुतवून ब्रेक दाबत. तिथे ब्रेक नव्हता, पायपुसणं होतं, आणि तीन आठवड्यांत त्याला टाचेएवढा खळगा पडला होता. गंमत म्हणजे नळीसरांना स्वतःला गाडी येत नव्हती. त्यांचा परवाना स्कूटरचा. पण काचसामान सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला काय फुटू शकतं हे आधी दिसतं.

"रॉड मधून कापू," आता ते म्हणाले. "नंतर जोड देता येतो."

"जोड दिलेला रॉड दोन वर्षांत पोट काढतो. मग लोक रॉडाला नावं ठेवत नाहीत, मला ठेवतात."

"टपावर बांधू."

"कशानं? तुमच्या टोपीच्या नाडीनं?"

"टेम्पोवाल्याला सांगू."

"सांगितलं. तो परवा येतो म्हणतो. डोळ्यांचा दवाखाना उद्या सकाळी उघडतोय आणि डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत काळोख हवा. पडदे नाहीत तर दवाखाना नाही. मग ते त्या व्हॅनवाल्या दुकानाला फोन करतील आणि पुढच्या वेळी मला करणारच नाहीत."

नळीसरांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि न पिता परत लावलं.

"एकटी जाशील?" ते म्हणाले. आवाजात भांडण नव्हतं. "चढ आहे तिथे. बाजारातून वळायचं आहे."

पडदेताईंच्या डोळ्यांपुढे तोच चढ सकाळपासून उभा होता. आजवर त्या एकट्यानं गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतही घेऊन गेल्या नव्हत्या. हे त्यांना ठाऊक होतं, नळीसरांना ठाऊक होतं, आणि सासूबाईंना तर ठाऊक होतंच.

"जाऊ दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "तू शेजारी बसून काय वेगळं करतोस? पायपुसणं फाडतोस."

लेक आतून दात घासत बाहेर आली, गाडीकडे पाहिलं, तोंडातला फेस सांभाळत म्हणाली, "बाबा, बाटली तरी द्या आईला."

नळीसरांनी बाटली दिली.

गल्लीच्या तोंडाशी पडदेताई मोठ्यानं म्हणाल्या, "दुसरा." आणि दुसरा टाकला. गाडीत कोणीच काही बोललं नाही. रॉड टॉवेलवर डोकं ठेवून स्वस्थ पडले होते. इतके गप्प आणि इतके सरळ सहप्रवासी त्यांना जन्मात मिळाले नव्हते.

बाजारात एक हातगाडी आडवी आली. त्या थांबल्या. हातगाडी गेली, त्या निघाल्या. एवढंच होतं ते. नळीसर शेजारी असते तर यावर पाच मिनिटांचा तास झाला असता.

चढावर मात्र गाडी बंद पडली. मागच्यानं हॉर्न वाजवला, त्याच्या मागच्यानं त्याला साथ दिली. पडदेताईंनी हँडब्रेक ओढला आणि स्वतःलाच सांगितलं, हे शिवणयंत्रच आहे. पायडल एकदम दाबलं की दोरा तुटतो, हळूहळू दाबलं की टाका धरतो. किल्ली फिरवली. एक पाय सोडत, दुसरा दाबत, इंजिनाचा सूर बदलला तो क्षण पकडत त्यांनी हँडब्रेक सोडला. गाडी मागे गेली नाही. टाका धरला होता.

चढ संपल्यावर त्यांनी डॅशबोर्डावरचं एक बटण दाबून पाहिलं. रेडिओ लागला. गाडीत रेडिओ चालतो हे तीन आठवड्यांत कुणाला कळलंच नव्हतं, कारण नळीसरांच्या मते गाण्यानं लक्ष उडतं. कुठलं तरी जुनं गाणं लागलं होतं. शब्द येत नव्हते तिथे पडदेताईंनी आपले घातले आणि दवाखाना येईपर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाची पाटी त्या गाण्यात बसवून टाकली.

दवाखान्यापुढे दोन गाड्यांच्या मधे तेवढी जागा होती. रखवालदार उठला आणि हात हलवत आला. बाई गाडी लावताना दिसली की काही माणसांना जो उत्साह येतो, तो त्याला आला होता.

"नाही बसणार, ताई. पुढे जा. पुढे मैदान आहे."

पडदेताईंनी जागेकडे पाहिलं. आयुष्यभर दारातूनच खिडकीचं माप सांगणारी त्यांची नजर. पंधरा फूट. गाडी साडेअकरा. उरले साडेतीन. साडेतीन फुटांत तर माणूस चुण्यांचा पडदा बसवतो.

त्यांनी गाडी पुढे घेतली आणि तिरकी मागे आणली. रखवालदार "येऊ द्या, येऊ द्या, बास, बास" म्हणत राहिला. त्याच्या "बास"ला न जुमानता त्या आणखी वीतभर मागे आल्या, चाक वळवलं, आणि गाडी जागेत अशी बसली जशी उशी खोळीत बसते. पुढे पावणेदोन, मागे पावणेदोन. रखवालदारानं पुढचं अंतर पाहिलं, मग मागचं पाहिलं, आणि रॉड उतरवायला हात द्यायला आला.

दुपारी दोनपर्यंत आठही खिडक्या झाल्या. तपासणीच्या खोलीत पडदा ओढल्यावर स्वतःची बोटं दिसेनात. अंधारातून डॉक्टर म्हणाले, "वा," आणि कशाला तरी धडकले.

डॉक्टरांच्या थोरल्या बहीण दवाखाना बघायला आल्या होत्या. डोंगरापलीकडच्या गावात मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, जाड चष्मा, बोलणं थेट. त्यांनी पडद्याची खालची पट्टी उलटून टाके पाहिले. असं बघणारं गिऱ्हाईक एकोणीस वर्षांत पडदेताईंना तिसरंच भेटलं.

"माझ्याकडे चौसष्ट खिडक्या आहेत," त्या म्हणाल्या. "बाहेरगावी येता?"

पडदेताईंच्या जिभेवर "कळवते" तयारच होतं, नेहमीच्या जागी, नेहमीच्या घडीत. त्यांनी बाहेर पाहिलं. दोन गाड्यांच्या मधे ती दुधी गाडी उभी होती.

"येते," त्या म्हणाल्या.

परत येताना त्यांना गल्लीच्या तोंडाशी नळीसर दिसले. पाव आणायला आलोय, असं ते म्हणाले. पाव त्यांच्या हातात होता आणि उन्हात उभं राहून तो चांगला कडक झाला होता. पडदेताईंनी सीट उभी केली. नळीसर बसले, पाव मांडीवर घेतला, कुठे नवा पोचा नाही ना ते गाडीभोवती नजर फिरवून त्यांनी आधीच बघून घेतलं होतं. गल्लीत वळताना त्यांचा पाय पायपुसण्याकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"चढावर बंद पडली का?" त्यांनी विचारलं.

"पडली."

"मग?"

"मग चालू केली."

नळीसरांनी मांडीवरचा पाव सरळ केला. "बरं केलंस," ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "रेडिओ कुणी लावला?"

घरी सगळे चहाला बसले. सासूबाईंना सविस्तर हवं होतं, विशेषतः रखवालदाराचा चेहरा; तो प्रसंग त्यांनी दोनदा सांगायला लावला. लेकीनं विचारलं, उद्या गाडी मिळेल का. नळीसर कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. टपावर कॅरियर लावला तर रॉड वर जातील आणि खाली माणसाची सोय होईल, असं चित्र त्यांनी काढलं होतं. गाडीत एक बाई होती आणि शेजारी टोपी घातलेला एक माणूस.

पडदेताईंनी ते चित्र नीट पाहिलं. चांगलं काढलं होतं. त्यांनी कप बशीत ठेवला.

"डोंगरापलीकडच्या वसतिगृहाचे पडदे घेतलेत मी," त्या म्हणाल्या. "सोमवारी पहाटे निघणार, आधी मापं आणि रॉड. चार दिवस मुक्काम तिथेच. एकटी जातेय. स्वयंपाकाचं तुम्ही तिघं आपसात बघा."