डाव्या पुढच्या चाकाचं बेरिंग

माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत, बसगाड्यांच्या पोटाखाली काढली. इथे केंब्रिजमध्ये आमच्या ओळखीच्यांना मी सांगत असे, की ते स्टेट ट्रान्सपोर्टमध्ये होते. हे खोटं नव्हतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेबल, खुर्ची आणि दाराशी शिपाई उभा राहावा, एवढी सोय मात्र मी त्यात करून ठेवली होती. मेकॅनिक हा शब्द मी कधी उच्चारला नाही. अशा मी, मागच्या हिवाळ्यात, आमच्या गाडीबद्दलचं त्यांचं एक म्हणणं उडवून लावलं आणि ते खरं ठरल्यावर कबूलही केलं नाही. मधले दोन महिने त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, रोज त्याच गाडीने हायवेवरून कामाला जात होती.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात मी दोन स्क्रीनसमोर बसून तक्त्यांचे चौकोन लाल-हिरवे करत असतो. नटबोल्टला हात लागत नाही. पण पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणाच्या गाडीचा विषय निघाला, की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी घसा साफ करतो. तिथे जमणारे आम्ही सगळे त्याच जातकुळीचे. पुण्या-नागपूरहून डिग्री घेऊन आलेले, प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये हत्यारांची एक कोरी करकरीत लाल पेटी, आणि प्रत्येकाला सगळ्यातलं सगळं ठाऊक.

सासूबाई गेल्यावर अप्पा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. नोव्हेंबरात विंटर टायर्स लावून झाले होते. एका शनिवारी ग्रोसरी घेऊन परतताना ते मागच्या सीटवर मान तिरकी करून बसले होते. एक्झिटच्या उजव्या वळणावर म्हणाले, "पाव्हणं, डाव्या पुढच्या चाकाचं बेरिंग बोलायला लागलंय."

"विंटर टायर्स आहेत अप्पा. इथे सगळ्यांचेच घुमतात."

"टायरचा आवाज वळणावर वाढत न्हाई."

"आजोबा, टायर्स डोन्ट टॉक," आमची मुलगी हसत म्हणाली. मीही हसलो. बायको हसली नाही. अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले.

पुढच्याच आठवड्यात डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागले. एक एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू नये म्हणून जी यंत्रणा असते तिचा. दुसरा ट्रॅक्शनचा, नागमोडी रेघा सोडत चाललेल्या गाडीच्या चित्राचा. दोन्ही एकदम लागले, म्हणजे बर्फावर सांभाळून घेणारं आता काही उरलं नाही. मी उत्साहात आलो. स्कॅनर मागवला, गाडीला जोडला. त्याने सांगितलं की डाव्या पुढच्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर चुकीचे आकडे देतो आहे. डावं पुढचं चाक. हे शब्द मी आठच दिवसांपूर्वी ऐकले होते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. यंत्राने सांगितलं ते ज्ञान, अप्पांनी सांगितलं ती म्हाताऱ्या माणसाची बडबड.

रविवारी ड्राइव्हवेवर गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि व्हिडिओ बघत बघत सेन्सर बदलला. दहा मिनिटांच्या कामाला मला तीन तास लागले. आमच्या ग्रुपमधला एक जण फोल्डिंग टेबल न्यायला आला होता, तो कॉफीचा मग घेऊन बघत थांबला. अप्पा माझा जुना पार्का घालून दोन फुटांवर उभे. चाक परत बसवून झालं तेव्हा म्हणाले, "जॅक लावलाच हाय, तर चाक एकदा हलवून बघू का? वर-खाली धरून?"

"राहू द्या अप्पा, हात काळे होतील."

मला हातांची काळजी नव्हती. तो मित्र बघत होता. माझा सासरा सराईतपणे चाकाला भिडला असता, तर चौतीस वर्षं कोणत्या खुर्चीवर काढली ते त्याला दिसलं असतं. अप्पांनी पुढे केलेले हात पार्काच्या खिशात घातले. दहा सेकंदांचं काम होतं.

दिवे तीन दिवस बंद राहिले. मी फोटो ग्रुपवर टाकला, अंगठे मिळाले. चौथ्या दिवशी दिवे परत लागले, तेव्हा मी स्कॅनरने ते पुसून टाकले. मग पुन्हा लागले, पुन्हा पुसले. कंपनीत कोणी दोष न शोधता असा लाल चौकोन हिरवा केला असता, तर मी त्याला चार लोकांत फाडून खाल्लं असतं. घरी मी हेच रोज सकाळी करत होतो आणि बायकोला म्हणत होतो, "आता ठीक आहे, नीघ."

अप्पांनी गाडीत बसणं सोडलं. कधी गुडघा, कधी मळमळ. लेकीला, माझ्या बायकोला, मात्र समजावत राहायचे, "बसनं जा की गं, ऊबदार असती." एका संध्याकाळी तिच्यासाठी बसचं वेळापत्रक त्यांनी वहीच्या कागदावर उतरून काढलेलं मला दिसलं. बसने तिला दोन ठिकाणी बदलून पावणेदोन तास लागले असते. डिसेंबरचं पॉटलक आमच्याच घरी होतं, तिथे मी त्या कागदाची गोष्ट सांगून हशा पिकवला. "चौतीस वर्षं एसटीत काढली, माणूस रिटायर झाला तरी बस काही सुटत नाही." सगळे हसले. अप्पा कोपऱ्यात प्लेट घेऊन बसले होते, तेही हसले.

जानेवारीत एका सकाळी रात्रभर पडलेल्या बर्फावर फ्रीझिंग रेन, पडताच गोठणारा पाऊस, सुरू होता. बायको कोट घालून निघाली आणि अप्पा सोफ्यावर बसून छाती चोळायला लागले. "आज जाऊ नकोस. कसंतरी होतंय." ती थांबली, सुट्टी कळवली. इमर्जन्सीत नेऊ म्हणाली, तर त्यांनी ठाम नकार दिला. आलं घालून चहा मात्र मागितला. मला तिडीक आली. हे नाटक आहे हे मी ओळखलं होतं. ते कशासाठी चाललंय हेही मला कळत होतं, आणि त्यानेच मी जास्त चिडलो. दुपारी बर्फ वितळवायला मीठ टाकणारी गाडी रस्त्यावरून फिरून गेल्यावर मी किल्ली उचलली आणि गाडी जवळच्या गॅरेजात नेली. दुरुस्तीसाठी नव्हे. आवाज टायरचाच आहे, असं मला कागदावर लिहून हवं होतं. मी क्वालिटीचा माणूस. कागद दाखवला की वाद मिटतो, अशी माझी समजूत.

गॅरेजचा पंजाबी मालक माझ्यापेक्षा लहान असेल. त्याने गाडी वर घेतली. थरथर लागते का बघायला एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. मग चाक वर-खाली धरून हलवलं. ते ठक् ठक् वाजलं. स्कॅनर त्याने हातातही घेतला नाही.

"कब से आवाज़ है?"

"दो महिने."

"चलाता कौन है?"

"वाइफ."

त्याने चाक सोडलं आणि फडक्याला हात पुसत माझ्याकडे बघितलं. मग समजावून सांगितलं. सेन्सर ज्या चुंबकी कड्यावरून वेग मोजतो, ते कडं बेरिंगलाच बसवलेलं असतं. बेरिंग ढिलं झालं, की कडं डगमगतं आणि बिचारा सेन्सर खोटा पडतो. अजून काही दिवस अशीच चालवली असती, तर चाकाचा भरवसा नव्हता.

"घर में किसी ने बोला नहीं?"

"नहीं," मी म्हणालो.

त्या गॅरेजात मला कोणी ओळखत नव्हतं. खरं बोलून माझं काहीही गेलं नसतं. तरी तोंडातून नहीं आलं, तेही चटकन.

त्याच्याकडून बेरिंग बदलून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं, "बेअरिंग होतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर कळलं." बायको माझ्याकडे बघत राहिली. अप्पा म्हणाले, "बरं झालं." आणि थोड्या वेळाने, "जुनं बेरिंग आणलंत का?"

मी आणलं नव्हतं. काढलेला भाग गिऱ्हाइकाने मागून घ्यायचा असतो, ही गावाकडची रीत मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी जाऊन भंगाराच्या डब्यातून ते उचलून आणलं आणि किचनच्या टेबलावर जाहिरातींचा फ्लायर पसरून त्यांच्यापुढे ठेवलं. माफी मागायचं धाडस नव्हतं, म्हणून ते ओझं उचलून आणलं. अप्पांनी चष्मा लावला. बेरिंग कानाजवळ धरून बोटांनी हळूच फिरवलं. कित्येक आठवड्यांत त्यांचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता.

"ऐका," म्हणून त्यांनी ते माझ्या कानाला लावलं. आत वाळू भरडल्यासारखा आवाज येत होता.

"तुम्ही नोव्हेंबरातच सांगितलं होतं," मी म्हणालो. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून म्हणू शकलो.

"सांगितलं खरं."

"मग जोर का नाही धरलात? मला रागवायचं होतंत."

"लेकीच्या घरात जावयाला किती येळा सांगायचं? एकदा सांगितलं, एकदा विचारलं." त्यांनी बोटांना लागलेलं काळं वंगण फ्लायरला पुसलं. "मग छातीत दुखायला लागलं."

मला वाटलं, आता हिशेब फिटला. माझ्यासारख्यांना पश्चात्तापसुद्धा किती स्वस्तात उरकता येतो.

फेब्रुवारीचं पॉटलक त्याच टेबलवाल्या मित्राकडे होतं. वीसेक माणसं, मिसळीची कढई, आणि त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काय मग, तुझे ते दिवे गेले का? सेन्सरच होता ना?"

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. माझ्या सासऱ्यांनी आवाजावरून ओळखलं, ते एसटीत हेड मेकॅनिक होते. गाडीतून येताना मी ते मनात घोकलं होतं. बायको पाव वाढता वाढता थांबली होती.

"बेअरिंग होतं," मी म्हणालो. "पकडलं शेवटी."

"कोणी पकडलं?" कोणीतरी विचारलं.

मी चमच्याने मिसळ ढवळत राहिलो. एवढ्यात कोपऱ्यातून अप्पा म्हणाले, "आमच्या पाव्हण्यांनीच. यंत्र लावून."

"वा. तज्ज्ञ घरातच आहे म्हणा," मित्र म्हणाला. मी मान हलवली. ती मान कशी हलवली, हे मला अजून आठवतं. किंचित, नम्रपणे, स्तुती सवयीची असलेल्या माणसासारखी.

बायकोने पावाची टोपली टेबलावर ठेवली आणि कोट आणायला आत गेली. जेवणं अजून आटोपायची होती. परतताना गाडी ती चालवत होती आणि अप्पा तिच्या शेजारी पुढे बसले होते. एक्झिटच्या त्या वळणावर त्यांनी सवयीने मान तिरकी केली. चाकाचा काही आवाज नव्हता.