अहवालातला ‘लॅटरिटिक’

आमच्या वाडीचा बुद्धविहार माझ्याच खाणीतल्या चिऱ्याने बांधायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. इथल्याच कातळाच्या सड्यावर मी पंधराव्या वर्षी दुसऱ्याचे चिरे तोडले; आता मिरजोळ्याच्या पलीकडे स्वतःची खाण आहे. पण विहाराचा खर्च उचलणाऱ्या, वाडीतल्याच मुंबईकरांच्या मंडळाने नेमलेल्या घाटावरच्या इंजिनिअरने एका कागदात निकाल लावला : दगड लॅटरिटिक आहे, दाबाला कमजोर आहे, विटाच घ्याव्यात.

तो शब्द मला शिवीसारखा लागला. कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या भाचीसमोर मी कागद आपटला.

“मामा, आधी बसा. लॅटरिटिक म्हणजे जांभ्याचा. एवढंच.”

“मग जांभा लिहायला त्याची शाई संपली होती?”

ती हसली. हा शब्द लॅटिनमधल्या विटेवरून आलाय, म्हणाली. दोनेकशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने खाली मलबारात पाहिलं, की लोक जमिनीतला मऊ दगड विटेसारखा कापतात आणि हवेवर ठेवला की तो कडक होतो. म्हणून त्याने दगडाला विटेचंच नाव दिलं. त्याचंच पुढे हे विशेषण झालं.

“हवेवर ठेवतात?” मी उठलोच. “यानं ठेवला कुठं?”

इंजिनिअर नमुना न्यायला आला तेव्हा मी खाणीवर नव्हतो. गड्यांनी नंतर सांगितलं होतं, सकाळी निघालेला ओला चिरा त्याने दुपारी गाडीत टाकला. चिरा उन्हावाऱ्यावर वाळल्याशिवाय आम्ही भिंतीला देत नाही.

मी फोन लावला. आवाज चढलाच. “साहेब, तुम्ही लिहिलेल्या शब्दाच्या पोटातच आहे, आधी वाळवा म्हणून!”

मग गेल्या वर्षीच्या थप्पीतला चिरा तपासला गेला. पास झाला. मंडळाला आता घाई. मी अडून बसलो : पहिली तपासणी ओल्या दगडाची होती, चूक झाली, असं लिहून द्या, मगच गाड्या सुटतील. दोन दिवस घासाघीस चालली. शेवटी ‘पहिला नमुना ओला होता’ एवढंच लिहून आलं. ‘चूक’ मी सोडली, कारण विहार माझ्या वाडीचा होता.

उद्घाटनाला इंजिनिअर आला. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, “शेठ, दगड एक नंबर आहे हं.”

“हेही लिहून द्या,” मी म्हटलं.