पळत्या कुत्र्याचा डोळा

आमच्या सौंदड भागात माझ्या धाकट्या भावाइतकी पळती कुत्री कोणी पाहिली नसतील. बसलेल्या कुत्र्याकडे तो ढुंकूनही बघत नसे. धंदा लग्नाच्या फोटोंचा, पण जीव एकाच गोष्टीत: कुत्रा भरधाव यावा, चारही पाय जमिनीच्या वर असावेत आणि फोटोत त्याचा डोळा साफ दिसावा. एका लग्नात हार घालायच्या वेळीच मांडवातून कुत्रा पळाला आणि हा कॅमेरा घेऊन त्याच्यामागे. नवरदेवाचा बाप म्हणाला, "लग्न पोराचं होतं का कुत्र्याचं?" हा म्हणतो, "नवरदेव तं अजून तिथंच उभा आहे जी. कुत्रा निघून गेला असता."

त्याची रीत अशी. धानाच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वीट ठेवायची, तिच्यावर कॅमेऱ्याचा फोकस जमवायचा, वीट उचलायची आणि चिखलात पालथं पडायचं. दुसऱ्या टोकाला मी, त्याची मोठी बहीण, आमच्या भुऱ्या कुत्र्याला धरून. याने शीळ घातली की सोडायचं. "विटेच्या जागेवर आल्यावर बटण दाबलं तं कुत्रा गेला, बाई. आधीच दाबा लागते." गोंदियाहून रोल धुऊन आला की फोटो माझ्यापुढे. मी सांगायची, "शेपटी साफ आहे, तोंड पुसल्यावानी." तो निमूट दुसरा रोल भरायचा. मी तोंडदेखलं बोलत नाही, हे त्याला आवडे. मला तो वेडाच वाटे. पण धानाची रोवणी टाकून मी कुत्रा धरून उभी राहायची, म्हणजे मीही काही शहाणी नव्हते.

मग त्याला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरने सांगितलं. उरली आहे तेवढ्यात एक फोटो साधावा म्हणून तो रोज धुऱ्यावर. लग्नं सोडली. शेवटी वीट कुठे आहे तेही मीच त्याचा हात धरून दाखवायची. शेवटचा रोल आला तेव्हा त्याला फोटोतला कुत्रासुद्धा दिसेना. त्याच्या घरचे म्हणाले, मस्त आला. तो फोटो घेऊन माझ्याकडे आला.

"बाई, डोळा साफ आहे का?"

मी फोटो उजेडात नेला. चारही पाय वर होते.

"नाही. कान साफ आहे. डोळा हालला."

"घरचे तं मस्त म्हणून राहिले."

"त्यांना तुझी कीव येते."

"तुले नाही येत?"

मी फोटो पुन्हा उजेडाकडे धरला.

"कान साफ म्हणजे डोळा विटेच्या पुढे गेला. जरासाच उशीर झाला," तो म्हणाला. फोटो माझ्याकडेच ठेवून भिंत धरत घरी गेला. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही.

त्याला जाऊन आता काही वर्षं झाली. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं लोक विचारतात. मलाही ठाऊक नाही. धुऱ्यावरून एखादा कुत्रा पळत आला की मी हातचं काम सोडून उभी राहते. माझी नजर अजून चांगली आहे. मला त्याचा डोळा साफ दिसतो.